सुविचार बंद करा मॅडम, वाचन सोडू नका

फलटणकडच्या एका पतसंस्थेच्या शाखाधिकारी ताईंचं पत्र आलंय. चांगलं चार पानी आहे, नाव देऊ नका म्हणल्यात म्हणून देत नाही, आणि जागेअभावी थोडक्यातच छापतोय :

"मी चाळिशीची. याच संस्थेत क्लार्क म्हणून लागले, गेल्या वर्षी शाखाधिकारी झाले. स्टाफ नऊ जणांचा, त्यात रोजची छोटी बचत दारोदार गोळा करणारे चार पिग्मी एजंट. वाचायची आवड पहिल्यापासून. नेतृत्वावरची पुस्तकं, मोठ्या माणसांची चरित्रं, संतसाहित्य, मिळेल ते वाचते आणि वहीत टिपणं काढते. त्यातला एक विचार रोज सकाळी शाखेच्या ग्रुपवर टाकते. सोमवारी काऊंटर उघडायच्या आधी सगळ्यांची प्रार्थनाही चालू केलीय. पण माझं कोणी ऐकत नाही. मीटिंगला विचारलं की काही अडचण आहे का, तर सगळे गप्प. मार्च एंडला वसुली झाली नाही म्हणून मी चिडून ग्रुपवर मोठ्ठा मेसेज टाकला, नावं घेऊन, तेव्हापासून तर जास्तच बिघडलंय. आणि परवा कळलं की मला सोडून यांचा वेगळा ग्रुप आहे, त्यात माझ्या सुविचारांचे स्टिकर बनवलेत. एवढं वाचून मला नऊ माणसं सांभाळता येत नाहीत, मग वाचायचं कशाला? आणि श्रद्धा ऑफिसात आणावी की नाही?"

ताई, आधी स्टिकरचं घेऊ, कारण पत्रात सगळ्यात जास्त दुखलेली जागा तीच दिसतेय. साहेबाला सोडून वेगळा ग्रुप नाही असं ऑफिस महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही, तुम्ही क्लार्क होतात तेव्हा तुमचाही असेलच की, ग्रुप नसेल तर चहाची टपरी असेल. त्यात शिरायचा प्रयत्न करू नका, कोणी सांगितलं ते शोधू नका, आणि जिने ही बातमी तुमच्यापर्यंत आणली तिला खास माणूस करून जवळ तर अजिबात घेऊ नका. लोक हसतात तिथं हसू द्या. काळजीची गोष्ट ती नाहीच, काळजीची गोष्ट ही आहे की तुमच्यासमोर ते काहीच बोलत नाहीत.

आता वाचनाचं. तुमची वही मी पाहिली नाही पण पत्रात तुम्ही चार-पाच वाक्यं उतरवून पाठवलीत त्यावरून अंदाज आला. तुम्ही पुस्तकातून वाक्यं उचलता. सुंदर वाक्य दिसलं की वहीत, वहीतून ग्रुपवर. आणि त्या माणसाने ते काम नक्की केलं कसं, कोणाला काय सांगितलं, तक्रार आली तर कुठं ऐकली, पैसे कुठून आणले, हा जो पुस्तकातला जरा रटाळ भाग असतो तो तुम्ही भरभर वाचून पुढं जात असणार. बहुतेक सगळेच जातात. पण माणसं सांभाळायची विद्या त्या रटाळ भागात असते हो. वाक्य शेवटी त्या माणसाचं असतं, त्याच्या जागी आणि त्याच्या वेळेला शोभलेलं, ते फलटणच्या काऊंटरवर आणून ठेवलं की त्याचा स्टिकरच होणार.

शिवाय ही वाक्यं खरी तरी कुठं असतात. लिंकनने मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेलं ते पत्र घ्या, वसंत बापटांनी मराठीत आणलं, शाळाशाळांच्या भिंतीवर फ्रेम करून लागलं, आपण सगळे तेच वाचत मोठे झालो. ते लिंकनने लिहिल्याचा पुरावा काही नाही. मजकूर छान आहे, वाद नाही, पण लिंकनचा म्हणून दाखवता येत नाही. उलट त्याने खरंच लिहिलेलं एक पत्र तुमच्या फार कामाचं आहे. १८६३ चा जुलै. अमेरिकेच्या यादवी युद्धातली गेटिसबर्गची लढाई त्याच्या सैन्याने जिंकली, पण त्याच्या जनरल मीडने माघार घेणाऱ्या शत्रूच्या सेनापतीला, ली च्या फौजेला, गाठलं नाही आणि ली नदी ओलांडून निसटला. लिंकन भयंकर चिडला, त्याने मीडला लांब पत्र लिहिलं, की लीला पकडलं असतंत तर युद्ध संपलं असतं, आता ते किती लांबेल सांगता येत नाही, मला अतोनात दुःख झालंय. पत्र पाकिटात घातलं आणि वर शेरा मारला, की हे कधी पाठवलं नाही, सहीही केली नाही. ते तसंच कागदपत्रात राहिलं. आता तुमचा मार्च एंडचा मेसेज आठवा. लिंकनने राग गिळला नाही बरं का, सगळा कागदावर ओतला, फक्त तो कागद मीडच्या हातात जाऊ दिला नाही. तुम्हाला पुढच्या मार्चला परत राग येणारच आहे, यायलाच पाहिजे, तर तेव्हा मेसेज वहीत लिहा. ग्रुपवर नऊ जणांसमोर नाव घेऊन झापलं की ज्याला झापलं तो तर जातोच, बाकीचे आठही सावध होतात, आणि सावध झालेला माणूस मीटिंगला गप्प बसतो. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हेच आहे.

उरलेलं उत्तर तुमच्या गावात दरवर्षी मुक्कामाला येतं. माऊलींची पालखी. तुम्ही दर्शनाला जातच असाल, दारात वारकरी जेवायलाही घालत असाल, पण संध्याकाळची समाज आरती शेवटपर्यंत थांबून पाहिलीय का? नसेल तर या आषाढात फक्त तेवढ्यासाठी थांबा. पालखी तळावर येते, दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा असा कल्लोळ की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग चोपदार हातातला चोप वर करतो आणि तो एवढा मोठा समाज एकदम शांत होतो. सगळे बघायला येतात ते हे. पण त्याच्या पुढचं बघा. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती दिंडी शांत होत नाही, टाळ वाजवतच राहते. सगळा तळ गप्प आणि एका कोपऱ्यात टाळ चालू. चोपदार त्या दिंडीपाशी जातो, काय झालंय ते विचारतो, चालायच्या क्रमावरून असेल, टँकर मिळाला नसेल, कोणाशी वाजलं असेल, ते ऐकून घेतलं जातं, त्यावर काहीतरी ठरतं, मग ते टाळ थांबतात. हरवलं-सापडलंचा पुकारा होतो. आणि मग आरती.

म्हणजे बघा, दिवसभर चालून पाय सोललेली लाखभर माणसं उभी आहेत आणि एका दिंडीचं गाऱ्हाणं मिटेपर्यंत देवाची आरती थांबते. हे कुठल्या मॅनेजमेंट कॉलेजने शिकवलेलं नाही. या सोहळ्याला आजची शिस्त लावली ती हैबतबाबा आरफळकरांनी, एकोणिसाव्या शतकाच्या सुरवातीला. सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे, शिंद्यांच्या पदरी नोकरी केलेले, त्यामुळे फौजेचा तळ कसा पडतो, कोण कुठं उतरतो, ते त्यांना माहीत होतं. तो अनुभव त्यांनी वारीत आणला, दिंड्यांचा क्रम लागला, अंकलीच्या शितोळे सरकारांकडून घोडे येऊ लागले, तंबू आला. लष्करातली शिस्त आणली खरी पण तक्रार करणाऱ्याला शिक्षा नाही, उलट तक्रार कशी करायची याची रीत पक्की, सगळ्यांना माहिती असलेली. टाळ वाजवत रहा, कोणीतरी तुमच्यापर्यंत येईल. मला तर नेतृत्वावरच्या शंभर व्याख्यानांपेक्षा ही एक रीत मोठी वाटते, आणि आपण तिकडं ड्रोनचे व्हिडिओ बघायला जातो.

तुम्ही मीटिंगला विचारता "काही अडचण आहे का?" ते कसं होतं सांगू का, सगळे बसलेत, तुम्ही खुर्चीत, पलीकडं दुसरा क्लार्क जो हेड ऑफिसला फोन करतो असा सगळ्यांना संशय आहे, आणि तुम्ही घड्याळ बघत विचारताय. कोण बोलणार? तिथं प्रश्न विचारून भागत नाही, तिथं रीत लागते. आठवड्यातला एक ठरलेला वेळ, टार्गेटच्या आकड्यांच्या आधी, त्यात तुम्ही उठून त्यांच्या टेबलापाशी जायचं, त्यांना केबिनमधे बोलवायचं नाही (चोपदार जातो दिंडीपाशी, दिंडी येत नाही). आणि ऐकलेल्यातलं निदान एक काम पुढच्या आठवड्याच्या आत झालेलं दिसलं पाहिजे. छोटं घ्या. पिग्मीच्या मशीनची बॅटरी टिकत नाही, पावती रोल संपलेत, शटरजवळ पाणी साचतं, यातलं एक. दुपारच्या उन्हात बाजारातून कलेक्शन करून आलेल्या एजंटला कॅशियर अर्धा तास उभं करतो हे तुमच्या शाखेत होत नाही असं मला छातीठोक सांगू नका, सगळीकडं होतं. ते एक मिटवा. सुरवातीला कोणी बोलणार नाही, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी पण नाही बोलणार, मग कोणीतरी असं बॅटरीसारखं फालतू काहीतरी सांगून तुमची परीक्षा बघेल. ती बॅटरी आली की मग खरं बाहेर पडायला लागेल, आणि तेव्हा ऐकायला कठीण जाईल, त्याची तयारी ठेवा.

वसुलीवर तुम्ही दीड पान लिहिलंय, त्यावर एक वाचलेली गोष्ट सांगतो कारण ती थेट तुमच्या धंद्याची आहे. शिवाजी महाराजांचं १६७६ चं पत्र आहे, प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला. भाजीच्या देठाला मन दाखवू नको हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे, ते याच पत्रातलं. तुमच्याही वहीत असेलच. पण पत्राचा पुढचा भाग किती जणांनी वाचला? त्यात महाराज त्याला सांगतात की गावोगाव फीर, कुणबी गोळा कर, ज्याला माणूसबळ आहे पण बैल नाहीत, बी नाही, पोटाला दाणे नाहीत म्हणून रान पडलंय, त्याला बैल घ्यायला पैसे दे, पोटासाठी धान्य दे. आणि वसूल कसं करायचं तेही सांगतात, वाढीदिडी न करता मुद्दल तेवढंच, तेही हळूहळू, त्याला तवाना, म्हणजे सावरलेला, होऊ देऊन. सुभेदाराला नुसतं "प्रामाणिक रहा" असं सांगून सोडलेलं नाही, काम काय, कोणाकडं जायचं, काय द्यायचं, परत कसं घ्यायचं, आणि हे केल्याने रयत टिकून सरकारचाच वसूल कसा वाढतो, सगळं फोड करून लिहिलंय. राजा एका अधिकाऱ्याला कारण समजावून सांगतोय, सांगायची गरज नसताना.

आता व्याज सोडणं तुमच्या हातात नाही हे मला माहितीये, ते संचालक मंडळ आणि सहकार खातं, आणि सगळ्यांना मुद्दलावर सोडलं तर ठेवीदार दारात येतील. मी पतसंस्था बुडवायचा सल्ला देत नाहीये. पण तुमच्या मेसेजमधे काय होतं ते तुम्हीच लिहिलंय, "वसुली शंभर टक्के झालीच पाहिजे, कारणं नकोत." कारणंच तर हवीत ना! कोणता कर्जदार खरंच अडकलाय, कोणाचं उसाचं बिल यायचंय, कोण मुद्दाम टाळतोय, हे तुमच्या वसुली क्लार्कला आणि त्या चार पिग्मीवाल्यांना माहिती असतं, ते रोज त्या दारावरून जातात. थकबाकीची यादी त्यांच्यासमोर ठेवून एकेक नाव घ्या आणि विचारा याचं काय करायचं. मग ज्याचं बिल कारखान्याकडून यायचंय त्याच्या हप्त्याची तारीख बदलायचा प्रस्ताव तुम्ही वर पाठवा, तुमच्या सहीने, आणि वरचा चेअरमन ओरडला तर ते ओरडणं तुमच्यापाशी थांबवा, खाली ग्रुपवर उतरवू नका. हे एकदा त्यांनी पाहिलं की तुम्हाला सुविचार टाकायची गरज पडत नाही.

बोलायचं कसं हे पण विचारलंय तुम्ही, "मला छाप पाडता येत नाही" म्हणून. छाप कशाला पाडायचीय? गाडगेबाबा कीर्तनाला उभे राहायचे ते वऱ्हाडी बोलीत, आणि निम्मं कीर्तन म्हणजे प्रश्न. लोकांना विचारायचे, लोक ओरडून उत्तर द्यायचे, त्या उत्तरावर पुढचा प्रश्न, असं करत करत कर्ज काढून सण करण्यावर, दारूवर, देवापुढं बकरं कापण्यावर ऐकणाऱ्यांच्याच तोंडून निकाल यायचा. आणि कीर्तनाच्या आधी दिवसा हातात खराटा घेऊन त्या गावाचे रस्ते झाडलेले असायचे. संध्याकाळी बोलायला उभं राहिलेल्या माणसाने सकाळपासून काय केलंय ते गावाने डोळ्यांनी पाहिलेलं असायचं. तुम्हाला खराटा घ्या म्हणत नाही, तसं केलंत तर त्याचाही फोटो कोणीतरी ग्रुपवर टाकेल. पण एखाद्या दिवशी पिग्मीवाल्याबरोबर त्याच्या लाईनवर चक्कर मारा, सकाळी भाजी मंडईत, संध्याकाळी पेठेत. वीस-वीस रुपये गोळा करताना माणसाला काय काय ऐकून घ्यावं लागतं ते कळेल. फोटो नको, स्टेटस नको.

आता श्रद्धा. हा प्रश्न तुम्ही शेवटी घातलाय पण मला तो सगळ्यात प्रामाणिक वाटला. सोमवारची प्रार्थना बंद करा असं माझं स्पष्ट मत आहे. पत्रात एक ओळ आहे तुमची, ओघात आलेली, की चारातला एक एजंट प्रार्थना होईपर्यंत बाहेर गाडीवर बसून राहतो. का बसतो ते तुम्ही लिहिलं नाहीत, कदाचित विचारलंही नसेल. त्याचा धर्म वेगळा असेल, पंथ वेगळा असेल, किंवा त्याला मंडईत गिऱ्हाईक असेल आणि उशीर होत असेल. काहीही असो, साहेबाने चालू केलेल्या प्रार्थनेला नोकर माणूस नाही म्हणू शकत नाही, आणि जिथं नाही म्हणता येत नाही तिथं देवाचं नाव घेतलं तरी ती हजेरीच होते. ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायात ओवी आहे, "मार्गाधारे वर्तावे, विश्व हे मोहरे लावावे, अलौकिक नोहावे लोकांप्रति." तुम्हाला पाठ असणार. स्वतः नीट मार्गाने चालून लोकांना वळण लावा पण लोकांसमोर काहीतरी वेगळे, अलौकिक होऊन बसू नका. सातशे वर्षांपूर्वी विशीही न ओलांडलेल्या पोराने हे सांगून ठेवलंय आणि आपण केबिनमधे समई लावून साहेब होतो.

पण म्हणून श्रद्धा घरी ठेवून या असंही मी म्हणणार नाही, ते जमतही नाही. साने गुरुजींनी पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून १ मे १९४७ ला उपोषण धरलं, बडव्यांनी मान्य केल्यावर सोडलं, हे आपण शाळेत शिकतो. त्याच्या आधीचे काही महिने ते महाराष्ट्रभर फिरत होते, गावोगाव सभा घेत, लोकांना समजावत, सोबत सेवादलाचं कलापथक. तो माणूस नास्तिक नव्हता, विठ्ठलावर त्यांचा जीव होता, आणि म्हणूनच बाहेर उभा असलेला माणूस त्यांना सहन होईना. श्रद्धेने त्यांना काय करायला लावलं ते बघा, दाराबाहेर कोण उभं आहे इकडं लक्ष द्यायला लावलं. तुमची श्रद्धा तुम्हाला रोज सकाळी काऊंटरवर उभ्या असलेल्या, फॉर्म भरता न येणाऱ्या आजींपाशी घेऊन जात असेल तर ती ऑफिसात आलीच की. हरिपाठ घरी म्हणा, पूर्ण म्हणा, गडबडीत पाच मिनिटांत उरकू नका.

आणि हो, प्रार्थना बंद करताना "काही लोकांना अडचण आहे म्हणून" वगैरे सांगू नका, त्या एजंटच्या डोक्यावर खापर फुटेल. सोमवारपासून दहा मिनिटं लवकर लाईनवर निघता येईल एवढंच सांगा.

मार्च एंडच्या मेसेजचं काय करायचं ते राहिलं. डिलीट आता होणार नाही आणि ग्रुपवर माफी मागितलीत तर तो दुसरा तमाशा, त्याचेही स्टिकर. ज्यांची नावं घेतली होतीत, तिघं म्हणालात ना, त्या तिघांना एकेकटं गाठा, केबिनच्या बाहेर, आणि सरळ सांगा की थकबाकी खरी होती पण सगळ्यांसमोर नाव घ्यायला नको होतं. पुढं "पण तुम्ही सुद्धा" लावू नका, जीभ चावा. एकजण "असू द्या मॅडम" म्हणेल, एकजण काहीच बोलणार नाही, तिसरा मनातलं सगळं काढेल आणि ते ऐकून तुमचा तो दिवस वाईट जाईल. त्याच्याशी वाद घालू नका, बहुतेक पुढं जाऊन तोच तुमच्या कामाचा निघेल.

वाचन सोडायचं का असं विचारलंत, तर अजिबात नाही, उलट वाढवा. फक्त वहीचं एक पान मधोमध रेघ मारून करा, डावीकडं त्या माणसाने काय म्हटलं ते, उजवीकडं त्याने काय केलं ते, किती दिवस, कोणाकडून, कशाच्या जोरावर. उजवी बाजू भरत नसेल असं पुस्तक लायब्ररीला परत देऊन टाका. आणि उद्या सकाळी ग्रुपवर काय टाकू असा प्रश्न पडलाच तर सोमवारी लाईट जाणार आहे, जनरेटरमधे डिझेल आहे का बघा, असलं काहीतरी टाका.